आखूड शेपटीचा घोडा

साहित्याच्या चर्चेला कुणी लोकरीचे मोजे घेऊन येत नाही. बाल्झान वहिनी घेऊन आल्या होत्या. एप्रिल महिना, आमच्या फ्रुंझे शहराच्या रस्त्यांवर जर्दाळू फुललेले, आणि आमच्या लेखक संस्थेच्या सभागृहात त्या माझ्या शेजारी पायाशी कापडी पिशवी घेऊन बसल्या होत्या. पिशवीत मोजे, साबण आणि वाळवलेला पाव. नवऱ्याला सभेतूनच उचलून नेलं, तर हातात द्यायला काहीतरी असावं म्हणून.

त्यांचे यजमान मुकाश अगाय पुढच्या रांगेत एकटे बसले होते. दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. आमच्याकडे मास्तरांना अगाय म्हणतात, आणि या सभागृहातल्या अर्ध्या लोकांना कथा कशी वाचायची ते या अगायांनीच शिकवलेलं. पण त्या दिवशी शेजारी बसायला एकही विद्यार्थी धजला नाही. मीसुद्धा नाही. मी त्यांच्या बायकोशेजारी बसले आणि तेवढ्यालाच धाडस समजले.

भानगड एका कथेची होती. हिवाळ्यात ती मासिकात छापून आली. एक म्हातारा गुराखी रोज संध्याकाळी दारापुढच्या खांबाला एक करडा घोडा बांधतो. घोड्याची शेपूट आखूड कापलेली. त्याच्यावर कुणी बसत नाही, गावात कुणी काही विचारत नाही. शेवटी म्हातारा त्याला सोडून देतो, पण घोडा जात नाही, तिथेच उभा राहतो. कथा संपली.

आमच्या डोंगरात माणूस गेला की त्याच्या घोड्याची शेपूट कापतात. वर्षभर त्याच्यावर कुणी स्वार होत नाही. वर्ष भरलं की आश घालायची, म्हणजे मोठं गावजेवण, आणि त्या दिवशी तो घोडा कापायचा. मग रडणं संपलं, माणसं कामाला लागली. अगायांच्या कथेत मात्र घोडा म्हातारा होत चालला तरी आश होत नाही. आणि ती का होत नाही, हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. माणूस मेला हे कळल्याशिवाय आश कशी घालणार? युद्धाच्या आधी धरपकडीच्या वर्षांत सरकारने जी माणसं घरातून नेली, ती मेली की जिवंत आहेत हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्यात अगायांचा धाकटा भाऊ होता. त्याच्या नावाने आजवर जेवण झालं नव्हतं.

एवढं सगळं त्या एका शेपटीत होतं. कथा म्हणून तिला तोड नाही. पण त्या वेळी मला तिचा रागच आला होता. म्हातारपणी माणसाने जरा वाईट लिहावं!

आदल्या दुपारी वहिनी माझ्या घरी आल्या होत्या. चहाची वाटी पुढे ठेवली तर तिला हात लावेनात.

"झूरा, उद्या तूच बोल," त्या म्हणाल्या. "तो एसेनगुल तर सुरी परजून बसलाय."

"मी बोलेन हो, वहिनी. पण अगाय गप्प बसतील का?"

"तेच तर! इतकी वर्षं संसार केला, पण कथेचा अर्थ कुणी चुकीचा लावला की याचा तोल जातोच. मागे जावयाने शेवट भलताच सांगितला, तर ताटावरून उठला."

"आणि उद्या तर मला चुकीचाच सांगायचाय."

"मी पोरांची शपथ घातलीय त्याला. आता देवालाच..." वहिनींनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आता बघू."

सभेचा आमचा रिवाज असा, की गप्प कुणी बसायचं नाही. जो गप्प बसला त्याच्या पोटात काहीतरी आहे असं धरतात. शेवटी लेखकाने उठून टीका मान्य करायची. व्यासपीठावर पक्षाच्या समितीकडून आलेले कॉम्रेड दोरोनबेक बसले होते. इस्त्रीचा सूट, चकचकीत बूट. पक्का शहरी माणूस. घोडा फार तर चित्रात पाहिला असेल असं मला वाटलं, आणि मी सगळी भिस्त त्यावरच ठेवली. ते साखरेचा खडा दातात धरून चहा पीत होते. खडा फुटला की कडकन आवाज यायचा आणि बोलणारा अडखळायचा.

एसेनगुल उठला. माझ्याच वर्गातला. अगायांनी याला थंडीत स्वतःचा कोट दिला होता.

"घोडा म्हणजे आपली जनता," तो म्हणाला. "कापलेली शेपूट म्हणजे शोक. शोक कुणाचा? गेलेल्या खानांचा आणि जमीनदारांचा! आणि जनतेला बांधलंय कशाला? खांबाला. लेखक लिहितो, खांबाचा रंग उडालेला होता. माझा साधा प्रश्न आहे, कॉम्रेड. कोणता रंग उडाला होता?"

व्यासपीठाच्या मागे लाल पडदा होता आणि उन्हाने तो खरंच विटलेला होता. तिकडे चुकून नजर जाऊ नये म्हणून मी स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले.

कडकन खडा फुटला.

"प्रश्न चांगला आहे," दोरोनबेक म्हणाले. "पुढचं कोण?"

मी उठले. समोरच्या खुर्चीची पाठ धरली. वहिनींनी पिशवी मांडीवर घेतली.

"एसेनगुलने कथा अर्धीच वाचलीय," मी म्हणाले. "विद्यार्थी असतानाही तो शेवटचं पान सोडून द्यायचा."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं.

"म्हातारा शेपूट कापतो, बरोबर. जुन्या रूढीत वाढलेला माणूस आहे. पण रूढीप्रमाणे पुढे काय व्हायला हवं? आश! मुल्लांना जेवण, श्रीमंतीचा थाट, आणि एका कामाच्या जनावराचा बळी. तो ते करतो का? नाही करत. वर्ष उलटतं, घोडा जिवंत! म्हाताऱ्याच्या मनात नवा विचार जागा झालाय, आणि तोच या पात्राचा प्रवास आहे. घोडेस्वार दिसत नाही, कारण लेखकाला मेलेल्याशी कर्तव्यच नाही. आणि रंग उडालेला खांब म्हणजे ती जुनी रूढी. म्हणून तर म्हातारा शेवटी दोर सोडतो. ही कथा शोकाची नाही, कॉम्रेड. शोक करणाऱ्यांची ती टिंगल आहे."

टिंगल हा शब्द बोलले आणि माझी मलाच शिसारी आली. ज्या भावासाठी हा माणूस इतकी वर्षं आतल्या आत रडला, त्या रडण्याला मी भर सभेत टिंगल म्हटलं होतं. अगायांची मान माझ्याकडे वळली. वर्गात चुकीचं उत्तर दिलं की ते असंच बघायचे. रागावायचे नाहीत, नुसते थांबायचे, आपली आपण चूक दुरुस्त करेपर्यंत.

मी दुरुस्त केली नाही.

"सोडलेला घोडा मग जात का नाही?" दोरोनबेकनी विचारलं.

याला मी उत्तर तयार ठेवलंच नव्हतं. "कारण..." मी म्हणाले, "कारण त्याला घर आपलं वाटतं. पळून जाण्यासारखं तिथे काही नाहीच."

दोरोनबेक अगायांकडे वळले. "काय मुकाश? ही म्हणते तसंच आहे? तुम्ही तुमच्या म्हाताऱ्याला हसताय?"

अगाय उभे राहिले. वहिनींची बोटं माझ्या मनगटात रुतली. मला ठाऊक होतं, अगायांच्या जिभेवर भावाचं नाव आहे. ते एकदा मोठ्याने घ्यायला हा माणूस काहीही द्यायला तयार होता. बोलू नका अगाय, मी मनात म्हणत होते. एवढी एक वेळ अडाणी व्हा.

"हो," ते म्हणाले. "म्हातारा मूर्ख आहे. लोकांनी हसावं म्हणूनच लिहिलं."

एवढं बोलून ते बसले, आणि बसल्यावर एकदम लहान दिसायला लागले.

ठराव झाला: लेखकाला ताकीद, कथेला माफी. बाहेर वहिनी माझ्या गळ्यात पडल्या. अगाय त्यांच्या पिशवीतला वाळका पाव चावत उभे होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. न का बघेनात. रात्री घरी झोपणार होते, मला तेवढं पुरे होतं.

"कॉम्रेड झूरा, जरा या."

दोरोनबेक पायऱ्यांवर होते. मी गेले.

"सुंदर बोललात. एसेनगुल बैल आहे, त्याला वाचता येत नाही. तुम्हाला येतं." त्यांनी खिशातून एक साखरेचा खडा काढून माझ्यापुढे धरला. मी घेतला. "तुम्ही सोनकुलच्या बाजूच्या ना? मी तालासचा. बाप घोडे राखायचा. कुणाची आश घालत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको."

याने सगळं वाचलं होतं. पहिल्यापासून.

"घाबरू नका. म्हातारा राहू दे घरी. आहे काय त्याच्यात आता?" ते अगदी आपुलकीने म्हणाले. "पण ज्याला लपवता येतं, त्याला लपवलेलं सापडतंही. आमच्याकडे तसं माणूसच नाही हो." बगलेतलं पातळसं पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं. "नारीनची एक मुलगी आहे. कविता करते. गोड लिहिते म्हणतात. पुढच्या गुरुवारी चर्चा आहे, पहिलं भाषण तुमचं. आत काय आहे ते मला आधी येऊन सांगा. आणि काही सापडलं नाही असं म्हणू नका. मग मला त्या घोड्याचा पुन्हा विचार करावा लागेल."

ते गाडीत बसून गेले. रस्त्याकडेच्या पाटाच्या पलीकडे अगाय आणि वहिनी हातात हात घालून घराकडे चालले होते.

मी पुस्तक उघडायला नको होतं. उघडलं. पहिल्या पानावर जाड वेण्यांची मुलगी छायाचित्रात हसत होती. पहिली कविता तिच्या आईवर. आई रोज दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, पसरते आणि घरच्यांच्या वाट्या मांडून झाल्यावर एक वाटी जास्तीची मांडते, पालथी.

ती वाटी कुणाची, हे मला दुसरी ओळ वाचायच्या आधीच कळलं.