डाव्या डोळ्यातली क्रीम भिंत

थेंबकाकांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं उत्तम झाली. पण डाव्याचं अजून झालंच नाही असं धरून चालू. सध्या फक्त उजवा झालाय आणि डाव्याला महिना आहे.

रंगाच्या दुकानात काकांनी चाळीस वर्षं नुसत्या नजरेनं रंग जुळवले. "अजून एक थेंब," असं म्हटल्याशिवाय डबा बंद व्हायचा नाही, म्हणून हे नाव. उजव्या डोळ्याची पट्टी निघाली आणि त्यांनी घरी येऊन स्वयंपाकघराची भिंत पाहिली.

"ही पांढरीफटक कुणी केली?"

"तुम्हीच, बाबा," मुलगी म्हणाली. "दर तीन वर्षांनी. आईचा क्रीम म्हणून."

"आणि तू गप्प बसलीस?"

"तुम्ही शीळ घालत रंगवायचात. कोण बोलणार?"

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी खुलासा केला. भिंगात जन्मापासून काही एन्झाइम्स पहाऱ्यावर असतात, ऑक्सिजननं केलेली नासधूस निस्तरत बसतात. वयानुसार ती थकतात, मग भिंग पिवळं आणि गढूळ होत जातं. त्या पिवळ्या भिंगातून क्रीम रंग जास्तच पिवळा दिसायचा, म्हणून काका दर खेपेला पिवळा थेंब कमी करत गेले होते.

"मग नवी भरती का करत नाहीत?" काकांनी विचारलं.

"भिंगाच्या गाभ्यात होत नाही."

"आमच्या दुकानासारखंच."

घरी येऊन त्यांनी उजवा डोळा झाकला. डाव्या, धुरकट डोळ्याला भिंत अगदी पहिल्या दिवसासारखी दिसली. नवं लग्न, ओला रंग, आणि कोपराला क्रीम फासून उभी असलेली बायको. "मी नाही हो टेकले, भिंतच पुढे आली!"

काका कामाला लागले. भिंत डाव्या डोळ्यानं बघायची, वाटीतला रंग उजव्यानं.

"बाबा, रंग कालवताय की डोळे मारताय?"

"तुझ्या आईला चालायचं."

सतरा वाट्या झाल्या. अठरावी एका थेंबानं चुकत होती, आणि तो थेंब कुठला ते काही केल्या कळेना. ऑपरेशन उद्यावर आलं. काकांनी चष्मा पुसला, कोरा कागद घेतला:

"मा. विभागप्रमुख, नेत्रविभाग यांस.
विषय: डाव्या भिंगाच्या फेरवापराबाबत.
महोदय, सदर भिंग हा माझ्या दिवंगत पत्नीच्या स्वयंपाकघराच्या रंगाचा एकमेव शिल्लक नमुना आहे. तरी ते काढताना फोडू नये, आणि रंग जुळेपर्यंत दर रविवारी सकाळी एक तास मूळ जागी बसवून मिळावे, ही नम्र विनंती."