बॅगेच्या जागी लेक

या, जरा जवळ सरका. लांब बसलेल्याला सूर ऐकू येतो, पण शब्द हातचे जातात, आणि आजची कथा शब्दांचीच आहे. कथा वरवट बकालच्या रुख्मिणीबाईंची. विठ्ठलाच्या कृपेने सगळी सांगून होईल तेव्हाच उठू.

"अरे थांब ना बापू! मले म्हणू तर दे!"

रुख्मिणीबाई मोबाइलवर खेकसल्या. अंगणवाडीच्या चुलीवर खिचडी रटरटत होती, एका हातात उलथणे होते, दुसऱ्या हातात फोन. पडद्यावरच्या, भाषा शिकवणाऱ्या ॲपमधल्या सशाने तोंड पाडले आणि एक गाजर काढून घेतले.

"काकू, तुमचा टाइम संपला," शेजारची सून पूनम हसत म्हणाली. डीएड झालेली ही पोर पोराला सोडायला अंगणवाडीत यायची आणि तासभर तिथेच रमायची.

"कायचा टाइम वं? हे मंजे त्या घाईच्या महाराजावानी झालं. चरण तोंडातून पडलं नाई का लगेच दुसरं. टाळकऱ्यानं म्हनावं कवा?"

रुख्मिणीबाई अंगणवाडीत मदतनीस, सव्वीस वर्षांपासून. सप्ताहातले एकही कीर्तन त्यांनी कधी चुकवले नव्हते. त्यांची एकुलती एक सारिका चार वर्षांपूर्वी नर्स होऊन जर्मनीला गेली होती. तिथल्याच एका जर्मन परिचारकाशी तिचे जमले आणि लग्न गावात करायचे ठरले. मुलाची आई येणार होती, पण तिला जर्मनशिवाय काही येत नव्हते. लग्नाला दोन महिने होते, आणि या दोन महिन्यांत रुख्मिणीबाईंना एकच वाक्य शिकायचे होते. झाल देताना, विहिणीच्या डोक्यावर पेटत्या दिव्यांची टोपली ठेवून लेक तिच्या हवाली करतात ना, तेव्हा म्हणायचे वाक्य: माझ्या लेकीला सांभाळा. दुसऱ्या कुणाच्या तोंडून नाही, स्वतःच्या तोंडून.

"सारिकाताईले इचारा ना. एका मिंटात सांगतीन."

"जिले द्याची तिलेच इचारू काय, तुले कसं देऊ म्हून?"

पूनमने दुसरे ॲप उतरवून दिले. हे तिचे आवडते. त्यात सगळे नीट लिहिलेले होते, नियम, तक्ते, क्रियापदांची रूपे. रुख्मिणीबाईंनी चष्मा लावून तीन दिवस त्याच्याकडे पाहिले.

"लय हुशार हाये हा," त्या शेवटी म्हणाल्या. "पन हा पंडित झाला, पूनम. ऐकनाऱ्याले झोप लागते अन यायले पत्ताच नाई."

तिसरे ॲप दिसायला अगदी साधे होते. ना ससा, ना गाजर. एक पुरुषी, संथ आवाज एक वाक्य म्हणायचा, थांबायचा, पुन्हा तेच म्हणायचा, पुन्हा थांबायचा. त्या थांबण्यात आपण म्हणायचे. नवा धडा लावला की आधीची सगळी वाक्ये पहिल्यापासून म्हणून घेऊन मगच तो पुढे जायचा. रुख्मिणीबाईंनी डोळे मिटून दहा मिनिटे ऐकले.

"हा," त्या म्हणाल्या. "हा मागच्या टाळकऱ्याले जागा ठेवते. यायच्या गावात नक्कीच भजनी मंडळ असन."

अडचण एवढीच, की हवे ते वाक्य त्यातही नव्हते. स्टेशन होते, तिकीट होते, हॉटेलातली खोली होती. लेक कुठेच नव्हती. चाळिसाव्या वाक्याला पूनम एकदम ओरडली, "काकू, भेटलं! 'कृपया माझ्या बॅगेकडं लक्ष ठेवा!' प्रवासाचं वाक्य हाये. बॅग काढू अन तिथं लेक घालू. एकच शब्द बदलते."

"चालन?"

"धावन!"

"बिटे, पासेन झी आउफ मायने टोख्टर आउफ." रुख्मिणीबाईंनी ते तीनदा म्हटले.

मग रोज पहाटे देवापाशी दिवा लावून पाठ सुरू झाला. दिवसा खिचडी ढवळताना पुन्हा तोच. अंगणवाडीची पोरे काय, जे कानावर पडेल ते उचलणार. आठ दिवसांत वरवट बकालची तीन-चार वर्षांची वीस लेकरे एका सुरात 'गूटन मॉर्गन' म्हणू लागली. पर्यवेक्षिका येऊन गेल्या, त्यांना वाटले नवा अभ्यासक्रम आला. पण शेवटचे वाक्य रुख्मिणीबाईंनी पोरांसमोर कधी म्हटले नाही. ते पहाटेपुरते होते.

लग्नाच्या चार दिवस आधी थोरल्या जाऊबाई सोजराबाई आल्या. पानाला चुना लावता लावता सहज म्हणाल्या, "कन्यादान आमीच करू, अन झालही. तू काय आता..." आणि पुढचे त्यांनी पानासोबत गिळले. रुख्मिणीबाईंचे मालक जाऊन सहा वर्षे झाली होती.

"कन्यादान तुमीच करा, बाई. तुमचाच मान हाये," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "झालीच्या वक्ती मले दोन मिंट द्या फक्त."

"दोन मिंटांत काय करशीन?"

"बोलीन."

सोजराबाईंनी दुसरे पान लावायला घेतले.

लग्न लागले. दुपारी पंगती उठल्या आणि झालीची वेळ आली. जर्मन विहीणबाई पाटावर बसल्या, उंच, गोऱ्या, नेसवलेल्या हिरव्या शालूत जपून श्वास घेणाऱ्या. सोजराबाईंनी त्यांच्या डोक्यावर टोपली ठेवली. पिठाचे दिवे पेटलेले. विहीणबाईंनी दोन्ही हातांनी टोपली धरली आणि मान ताठ ठेवली.

रुख्मिणीबाई पुढे झाल्या, आणि वाक्य सापडेना.

ज्याने काही पाठ केले आहे त्याला हे सांगायला नको. मधले चरण एकदम हाताला लागत नाही. पहिल्यापासून निघावे लागते आणि चालत चालत तिथे पोचावे लागते. रुख्मिणीबाईंनी हात जोडले, डोळे मिटले आणि पहिल्या जर्मन वाक्यापासून सुरुवात केली. शुभ प्रभात. माझे नाव रुख्मिणी आहे. मला भूक लागली आहे. सफरचंद लाल आहे.

जावई हसू दाबत खाली पाहू लागले. त्यांच्या मित्रांना ते दाबता आले नाही. सोजराबाई कुजबुजल्या, "काय म्हून राह्यली वं हे?" दोन्हीकडचे कळणारी एकटी सारिका, ती लाजेने लालबुंद झाली.

रेल्वे स्टेशन कुठे आहे? दोन तिकिटे द्या.

विहीणबाईंनी आधी एक-दोन प्रश्नांना उत्तरे द्यायला तोंड उघडले. मग त्यांच्या लक्षात आले असावे, की हे उत्तरासाठी नाही. त्यांनी तोंड मिटले आणि ऐकू लागल्या. सारिका पुढे सरसावली, "आई, राहू दे ना!" तेव्हा विहीणबाईंनी टोपलीवरचा एक हात काढून तिला अडवले.

तेवढ्यात मांडवात खेळणारी अंगणवाडीची पोरे धावत आली. ओळखीचा पाठ! त्यांनी मागून सूर धरला. खोलीला खिडकी आहे का? खोलीला खिडकी आहे का! सगळा मांडव हसला. रुख्मिणीबाई हसल्या नाहीत, थांबल्याही नाहीत. छत्तीस. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस.

चाळिसाव्याला पोरे आपोआप गप्प झाली. ते त्यांना येत नव्हते. एकट्या रुख्मिणीबाईंचा आवाज उरला. "बिटे, पासेन झी आउफ मायने टोख्टर आउफ."

मित्रांचे हसू विरले. जावयांनी मान वर केली. विहीणबाईंनी टोपली स्वतःच उतरवून जमिनीवर ठेवली, तसे करायचे नसते हे त्यांना कोण सांगणार, आणि उठून रुख्मिणीबाईंचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले. "या," त्या म्हणाल्या. त्यांच्या भाषेत होय.

"टोपली खाली ठेवली!" कुणीतरी मागून म्हणाले.

"ठेवू दे," सोजराबाई म्हणाल्या आणि पदराने नाक पुसत बाजूला झाल्या.

तिसऱ्या दिवशी मलकापूर स्टेशनवर गाडीची वाट पाहताना सारिकाने विचारले, "आई, हे येवढं काऊन केलं तू? मी सांगतलं असतं ना तिले."

रुख्मिणीबाई रुळांकडे पाहत म्हणाल्या, "माह्या लग्नात माही सासू पलीकडच्याच गावची होती. माही माय अन ते, एकच बोली दोघींची. पन बाबा गेलेले, म्हून मायले पुढं येऊ नाई देल्लं. झाल मामीनं देल्ली. माय सैपाकघराच्या दाराआड उभी होती. येक शब्द तिले बोलता नाई आला. मी बैलगाडीत बसलो, तवा दाराच्या फटीतून तिचे बोटं तेवढे दिसले."

गाडी आली, आणि सामान चढवण्याच्या घाईत पुढचे बोलणे राहून गेले.

तर मायबापहो, कुणाच्या मांडवात झाल पाहायचा योग आला, तर पेटत्या दिव्यांवरून नजर थोडी मागे वळवा, सैपाकघराच्या दाराकडे. तिथे रुख्मिणीबाईंची आई उभी असेल. अन्नपूर्णाबाई तिचे नाव. तिची आठवण ठेवा.