बावीस नंबर

पंकजा तीन वर्षांनी माहेरी आली. राहात्याला सासरी दोन दिवस राहून कोल्हारला आली, त्याला आठवडा होत आला, तरी ती एकदाही ओट्यावर येऊन बसली नव्हती.

घराच्या पुढच्या खोलीत तिच्या वडिलांचं, राधाकृष्णांचं, दूध संकलन केंद्र होतं. सकाळ-संध्याकाळ गावातली नि वस्त्यांवरची माणसं किटल्या घेऊन यायची. ओट्यावर मोटारसायकलींची, माणसांची, कुत्र्यांची दाटी व्हायची. लग्नाआधी हे केंद्र पंकजाच सांभाळायची. सकाळी दूध मोजायचं, डबा घेऊन शाळेत गणित शिकवायला जायचं आणि संध्याकाळी परत काट्यापाशी. कुणाची गाय व्याली, कुणाच्या दुधाला फॅट लागेना, कुणाची सून रुसून माहेरी गेली, सगळं तिला ठाऊक असायचं. तिचा आवाज हायवेपलीकडच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायचा.

तीच पंकजा आता मधल्या खोलीत दार लोटून बसत होती.

एका संध्याकाळी तिच्या आईनं, रतनबाईनं, मुद्दाम हाक मारली. "पंकजे, जरा काट्यावर बस गं. माझं पीठ मळायचं राह्यलंय."

ती आली. ओढणी नीट करून स्टुलावर बसली. म्हातारे लालमहंमदचाचा किटली घेऊन पुढं आले. त्यांनी तिला पाळण्यापासून पाहिलेलं.

"कवा आलीस पोरी? कसं हाय लंडन?"

"बरं आहे," ती म्हणाली.

चाचांनी कान पुढं केला. "आं?"

"बरं आहे, चाचा."

तरी कुणाला ऐकू गेलं नाही. मागं कुणीतरी हसलं. तेवढ्यात एका गाडीनं जोरात हॉर्न दिला, ती दचकली आणि मापातलं दूध सांडलं. "सॉरी, सॉरी," म्हणत ती फडक्यानं टेबल पुसायला लागली. टेबल कोरडं झालं तरी पुसतच राहिली.

"आजारी हाय का गं ही?" चाचांनी रतनबाईला विचारलं.

"प्रवासाचा शीण हाय," रतनबाई म्हणाली. आठवडा उलटल्यावर कसला शीण, हे तिलाही कळत होतं आणि चाचांनाही.

रतनबाईला वाटलं, नवरा-बायकोचं काही बिनसलंय. पण जावई, गोरक्ष, मोठ्यानं बोलणाऱ्यांतला नव्हता. रोज ठरल्या वेळी त्याचा फोन यायचा. जेवलीस का, झोप झाली का, एवढंच बोलणं, पण त्यात कडवटपणा नव्हता. तिनं सरळच विचारलं.

"तरास देत्यात का तुला?"

"नाही गं आई. चांगला आहे तो."

"मग?"

"मग काही नाही."

त्यानंतरच्या दुपारी परसात मेथी निवडताना पंकजा थोडी थोडी बोलायला लागली. मुंबईला किंवा पुण्याला गेलेली मुलगी जसं तिकडचं सांगते तसंच सांगायची. हात चालू आणि नजर पाटीत.

त्यांचं घर लंडनमध्ये नव्हतंच. लंडनपासून आगगाडीनं पाऊण तासावर एक वस्ती होती. जोडीजोडीनं बांधलेली विटकरी घरं, पुढं हिरवळीचा तुकडा, खिडक्यांना पांढरे पडदे. रस्ता शेवटी बंद होता, म्हणून कुणी अनोळखी माणूस चुकूनही तिकडून जायचा नाही. सकाळी आठपर्यंत सगळ्या गाड्या निघून जायच्या. मग संध्याकाळपर्यंत पक्षी आणि पाऊस. सोमवारी कचऱ्याची गाडी यायची.

"त्या गाडीची मी वाट बघायचे," पंकजा म्हणाली. "खिडकीत उभी राहून. दोन माणसं यायची, आपसात बोलायची. मला ऐकू यायचं नाही, पण बोलताना दिसायची."

"शेजारी न्हाई का कुणी?"

"आहेत की. चांगली आहेत. दिसली की हसतात, हवेबद्दल बोलतात. दिवाळीला मी शेजारच्या घरी करंज्या नेऊन दिल्या. त्या बाईनं हातात घेतल्या, लई कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर पावलं वाजली. मी हात धुऊन पळत गेले. दार उघडेपर्यंत ती तिच्या घरात गेली होती. पायरीवर ताटली ठेवलेली, घासून पुसून, वर आभाराची चिठ्ठी. बेल नाही वाजवली."

"रिकामी ताटली?" रतनबाईच्या तोंडून निघून गेलं. साखरेचे चार दाणे तरी घातल्याशिवाय तिनं जन्मात कुणाचं भांडं परत केलं नव्हतं.

"त्यांच्यात तसंच असतं. तिचं काही चुकलं नाही. नाताळला तिनं कार्डही टाकलं. वर लिहिलं होतं, 'बावीस नंबरमधल्यांना'." पंकजानं मेथीची काडी मोडली. "आम्हाला तिथं चौथं वर्ष लागलंय, आई. बावीस नंबर."

नोकरीसाठी तिनं खूप अर्ज केले होते. गणिताच्या शिक्षकांची तिकडं गरज होती, पण इथलं शिक्षण तिथं पुरेसं नव्हतं. पुढचं शिकायला घेतलं, मधेच सुटलं. का सुटलं ते तिनं तेव्हा सांगितलं नाही.

सविताच्या डोहाळजेवणाच्या दिवशी ते कळलं. सविता तिची चुलत बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. रतनबाईनं ओटीचं सामान भरून ठेवलं होतं. पंकजा साडी नेसून तयार झाली, गजरा माळला, चपला घातल्या आणि उंबऱ्यातच खाली बसली.

"तू जा आई. माझ्यानं नाही जमायचं."

"असं काय करतीस? बायका काय म्हनतील?"

पंकजानं चपला काढून बाजूला ठेवल्या. "गेल्या वर्षी मला दिवस गेले होते. तिसरा महिना लागला की सांगणार होते तुला."

रतनबाई हातातली पिशवी धरून तशीच उभी राहिली.

"सकाळी गोरक्ष गेल्यावर पोटात दुखायला लागलं. मग अंगावरून जायला लागलं. त्याला फोन लावला, तो गाडीत, लागेना. मला काही सुचेना गं. मी तशीच बाहेर आले. रस्त्यावर उभी राहिले. म्हटलं, कुणीतरी दिसेल. कुणाचं दार वाजवावं? मला कुणाचं नाव पण माहीत नाही. शेजारच्या बाईचं वाजवलं, ती कामावर. समोरचं वाजवलं, कुणी नाही. तेवढ्यात एक माणूस कुत्रं घेऊन आला. माझ्याकडं बघून म्हणाला, किती छान सकाळ आहे, नाही? आणि मी हसले, आई. सवयीनं हसले. हो म्हणाले. तो पुढं निघून गेला."

"अगं, ओरडायचं व्हतंस!"

"तोंडातून आवाजच निघेना. तिथं कुणी ओरडत नाही."

रतनबाई तिच्याजवळ बसली. तिला जवळ घ्यायला गेली तर पंकजा आधी ताठ झाली आणि मग एकदम सैल पडली. गल्लीतून बायका नटूनथटून सविताकडं निघाल्या होत्या. दोघी उंबऱ्यातच बसलेल्या पाहून एकीनं विचारलं, "येताय ना?" रतनबाईनं नुसता हात हलवला.

त्या संध्याकाळी दूध झाल्यावर रतनबाईनं स्वतः जावयाला फोन लावला. जन्मात पहिल्यांदा ती त्याच्याशी चढ्या आवाजात बोलली.

"गोरक्षराव, एवढं झालं आन् तुमी आमाला कळवलं न्हाई?"

गोरक्ष म्हणाला, "तिनंच सांगू नका म्हटलं होतं, मामी. फोन लागल्यावर मला यायला दीड तास लागला. बाथरूमच्या फरशीवर बसली होती. त्यानंतर ती बोलायचीच बंद झाली. मी काय करू? सकाळी सातला निघतो, रात्री आठला येतो. दिवसभर मी तरी कुणाशी बोलतो? कामावरही मी एकटाच."

"मग या की माघारी."

"तिकडं येऊन काय करू मामी? एमआयडीसीत होतो तेव्हाचं तुम्ही पाहिलंच आहे." नागापूरच्या ज्या कारखान्यात तो होता, तो बंद पडून सहा वर्षं झाली होती. "तिला हवे तितके दिवस ठेवून घ्या. बरं वाटलं तर कायमची राहू दे. माझी ना नाही."

भांडायला फोन लावलेल्या रतनबाईला भांडायला कुणी उरलंच नाही.

पंकजानं परतीचं तिकीट पुढं ढकललं. आता पोरगी रुळेल, असं राधाकृष्णांना वाटलं. ते तिला रोज काट्यावर बसवायला लागले. ती बसायची. पण माणसांचा कालवा वाढला की तिचं डोकं दुखायचं, ओठ पांढरे पडायचे. पेंडीच्या पोत्यांच्या खोलीत जाऊन ती दार लावून घ्यायची. पूर्वीच्या शाळेत जाऊन आली. तिच्या जागेवर दुसरी बाई होती. जुन्या मैत्रिणींनी फोटो काढले, लंडनबद्दल विचारलं आणि मुलांचे डबे, ट्यूशन, सासवा यांच्यावर बोलायला लागल्या. ती मधे बसून ऐकत राहिली.

दोन महिन्यांनी गावात कुजबुज सुरू झाली. नवऱ्यानं टाकली म्हणत्यात. एक बाई तर दूध घालताना तोंडावरच बोलली, "असू दे गं, आई-बापाचं घर हाय." तिच्या परीनं ती मायेनंच बोलली होती.

त्याच रात्री जेवताना पंकजानं सांगितलं, "मी जाते परत."

राधाकृष्णांनी घास ताटात ठेवला. "कुनी काय म्हनतंय म्हनून?"

"नाही आण्णा. लोकांचं काही नाही."

"मग हितं काय कमी हाय तुला?" रतनबाईचा आवाज चढला. "तिकडं मरायला चाललीस का? न्हाई जायाचं."

"मला इथला आवाज सोसत नाही, आई. आणि तिथली शांतता सोसत नाही. इथं राहिले तर तुम्ही रोज माझ्याकडं बघून झुरणार. तिथं निदान कुणी बघत नाही."

पुढं कुणी जेवलं नाही.

ती गेली त्या दिवशी रतनबाईनं डबे भरून दिले, शेंगदाण्याची चटणी, करंज्या, मेतकूट. विमानतळावर जाणारी गाडी दारात उभी राहिली तेव्हा ओट्यावर दूधवाल्यांची रांग होती. सगळे तिला हात करत होते. तीही हसून हात करत होती. ते हसू पाहून रतनबाईच्या मनात आलं, कुत्रं घेऊन आलेल्या त्या माणसाकडं पाहून ती अशीच हसली असणार.

सुरुवातीला रोज फोन यायचा. मग चार दिवसांनी, मग रविवारी. रतनबाई विचारायची, काय केलंस आज? पंकजा म्हणायची, स्वयंपाक. बाहेर गेल्तीस का? नाही, पाऊस होता. कुणी आलं होतं का? नाही. मग रतनबाईला फोनमधून घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू यायची. एका रविवारी पंकजा म्हणाली, "आता सोमवारची गाडी पण बघत नाही मी." आणि थोड्या वेळानं, "ठेवते, आई."

पुढच्या रविवारी फोन आलाच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी रतनबाईनं गोरक्षला लावला.

"झोपलीय ती," तो म्हणाला. "अलीकडं लवकर झोपते. दिवसापण झोपते."

"डाक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं. गोळ्या दिल्यात. आता बरी आहे, मामी. पूर्वीसारखी रडत नाही, काही मागत नाही, काही म्हणत नाही. अगदी शांत असते." बोलताना त्याचा आवाज दमलेला होता, पण त्यात सुटल्यासारखंही काहीतरी होतं. "तुम्ही काळजी करू नका."

रतनबाईला पुष्कळ विचारायचं होतं.

"बरं," ती म्हणाली.