गळ्यात घालून बघायचं राहिलं

चष्मेवाले काका सदुसष्टाव्या वर्षी घरात भट्टी आणतील, असं कुणी आधी सांगितलं असतं तर काकांनी त्या माणसाचा नंबर तपासायला घेतला असता. अडतीस वर्षं त्यांनी एका दुकानाच्या मागच्या खोलीत बसून चष्म्याची भिंगं घासली आणि फ्रेममध्ये बसवली. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम पुढे मालकाकडे. काकांचं काम न बोलण्याचं, आणि ते त्यांना झकास जमायचं.

घरी बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. मुलगी लग्न होऊन विमानाने तीन तासांवरच्या शहरात गेली, तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा. बायको तासभर बोलायची आणि शेवटी "थांब, बाबांना देते" म्हणून फोन काकांच्या हातात कोंबायची. "बरी आहेस ना?" "हो बाबा. तुम्ही?" "मी मजेत." संपलं. बापलेकीचं तेवढ्यावर उत्तम चाललं होतं, कारण उरलेला तास कुणीतरी भरून काढत होतं.

चार वर्षांपूर्वी बायको गेली. फोन दहालाच येत राहिला, पण दहा वाजून दोन मिनिटांनी संपायला लागला. पुढे पुढे तर काका शनिवारपासूनच विचार करत बसायचे, की उद्या बोलायचं काय? हवामान झालं, गुडघा झाला, मग जावईबापूंची तब्येत. जावईबापू ठणठणीत. ठणठणीत माणसाच्या तब्येतीवर बोलून बोलून किती बोलणार? एका रविवारी दोघंही गप्प झाली आणि मुलगी म्हणाली, "बाबा, ऐकू येतंय ना?" ऐकू सगळं येत होतं. बोललंच काही जात नव्हतं. त्या दिवशी फोन ठेवल्यावर काका बराच वेळ खुर्चीतून उठलेच नाहीत. लेक आपल्या हातून निसटत चालली आहे आणि आपल्याला साधं एक वाक्य सुचत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

भट्टी आली ती यानंतर. मोबाइलवर कुणी एक बाई रंगीत काचेचे तुकडे एकावर एक ठेवून भट्टीत वितळवत होती आणि त्याची गळ्यात घालायची पेंडंटं करत होती. काकांनी ते चारदा पाहिलं. काच म्हणजे आपलंच राज्य, असं त्यांना वाटलं. रविवारी ते लेकीला म्हणाले, "मी एक छोटी भट्टी घेतोय." मुलगी उडालीच. "बाबा, घर पेटवाल. आठशे डिग्री म्हणजे काय चेष्टा आहे का?" ती वाद घालत राहिली, काका उत्तरं देत राहिले, आणि फोन ठेवला तेव्हा वीस मिनिटं झाली होती. काकांनी दुसऱ्याच दिवशी पैसे भरून टाकले.

भट्टी छोट्या ओव्हनएवढी. ती मुलीच्या जुन्या अभ्यासाच्या टेबलावर, खाली फरश्या टाकून, बसली. काच आपलंच राज्य असल्याचा भ्रम पहिल्याच आठवड्यात उतरला. काकांनी कंजूषपणा करून घरातल्या जुन्या भिंगावर खिडकीच्या काचेचा तुकडा ठेवला. दोन्ही वितळून झकास एक झाले, टेबलावर दोन दिवस गुण्यागोविंदाने राहिले, आणि तिसऱ्या दिवशी काका चहा पीत असताना टक् करून दुभंगले. दोन जातींच्या काचा निवताना सारख्या आकसत नाहीत, हे मग त्यांना वाचून कळलं. पुढच्या वेळी त्यांनी एकाच जातीची काच मागवली, पण धीर न धरवून भट्टी लवकर उघडली. गार हवा लागली आणि पुन्हा टक्. तिसऱ्या वेळी काच नीट पुसली नव्हती, तर अंगठ्याचा ठसा आतल्या आत कायमचा भाजून निघाला.

दर वेळी रविवारी त्याची कहाणी व्हायची. मुलगी पोट धरून हसायची. "मग? मग काय केलंत?" काकांना आयुष्यात कुणी "मग?" असं विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर पेंडंट जमायला लागलं तेव्हा त्यांना थोडी धास्तीच वाटली.

पण जमलं. खाली दुधी काच, वर निळी, बोराएवढं गोल. भट्टी रात्रभर आपली आपण निवू द्यायची आणि सकाळी दार उघडायचं. कडा घासण्यात तर काकांचा हात धरणारं कुणी नव्हतंच. राहिली मागची कडी, साखळी ओवायची. काकांनी अडतीस वर्षं जे केलं तेच केलं. भिंग हातात आलं की आधी त्याचा मध्य शोधायचा आणि तिथे शाईचा ठिपका द्यायचा. तो ठिपका अर्धा मिलिमीटर चुकला तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं. तेव्हा पेंडंटाच्याही पाठीवर त्यांनी बरोब्बर मध्य काढला, ठिपका दिला आणि ठिपक्यावर कडी चिकटवली. भिंतीच्या खिळ्याला टांगून पाहिलं. स्वतःच्या गळ्यात घालून, पासपोर्टचा फोटो काढायला उभं राहतात तसे ताठ, आरशासमोर उभे राहिले. सरळ होतं. कुरिअरने पाठवून दिलं.

"बाबा, मी रोज घालते," मुलगी म्हणाली. "ऑफिसात सगळ्या विचारतात कुठून घेतलं म्हणून."

काकांनी आठ महिन्यांत सहा पाठवली.

सातवं त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं तेव्हा ते तळमजल्यावरच्या शिलाईवाल्या ताईंकडे पँट आखूड करायला गेले. ताईंनी माप घेता घेता विचारलं, "खिशात काय लपवलंय काका?" काकांनी काढून दाखवलं, आणि तोंडातून निघून गेलं, "घालून बघता का?" लगेच त्यांचे कान तापले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याने शेजारच्या बाईला गळ्यात घालायला काहीतरी देणं शोभतं का? पण ताईंना तेवढा विचार करायला सवडच नव्हती. "ठेवा. दुपारभर काम करताना घालते नि सांगते. आम्ही कपडासुद्धा गिऱ्हाइकाला बसायला, वाकायला लावल्याशिवाय देत नाही."

संध्याकाळी काका पँट न्यायला गेले. ताईंनी आधी पँट दिली, मग पेंडंट.

"राग मानू नका काका, पण हे पालथं पडतं."

"पालथं कसं? भिंतीवर तर सरळ राहतं."

"भिंत वाकत नाही काका." ताईंनी ते परत गळ्यात घातलं, मशिनवर वाकल्या आणि उठल्या. निळी काच आत, आणि बाहेर डिंकाचा डाग नि कडी. "बघा. दुपारपासून वीसदा सरळ केलं. शेवटी कंटाळून पाठीवर टाकलं. कडी वर घ्या, अगदी वरच्या कडेजवळ. मधोमध धरलं तर वरचं वजन पुढे कलंडणारच."

काकांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी साधी गोष्ट. स्वतःला चार शिव्या घालत ते जिना चढायला लागले. पहिल्या मजल्याच्या वळणावर मात्र त्यांचे पाय थांबले.

हे ज्याने एक सकाळ जरी गळ्यात घातलं असेल, त्याला हे कळलंच असेल.

सहा पेंडंटं. आठ महिने. रोज घालते.

काका कठडा धरून उभे राहिले. दुकानात मालक तक्रारींना वैतागायचा, पण काकांना त्या आवडायच्या. कानामागे टोचतो, नाकावरून घसरतो, वाचताना रेघ दिसते. तक्रार घेऊन आलेला माणूस चष्मा लावत असतो. ज्याची कधीच तक्रार येत नाही, त्याचा चष्मा ड्रॉवरमध्ये असतो. हे त्यांनी नव्या कारागिरांना किती वेळा सांगितलं होतं.

पण कुणास ठाऊक, लेकीने घातलंही असेल. बाबांना वाईट वाटेल म्हणून बोलली नसेल. दिवसातून वीसदा सरळ करत असेल बिचारी. हा विचार काकांनी घट्ट धरून ठेवला आणि रविवारपर्यंत तेवढ्यावरच राहिले. तिने एकदा म्हणावं, हो बाबा, उलटं होतं, जीव नकोसा केला त्याने. बस. एवढं ऐकायला मिळालं असतं तर त्यांनी सगळ्या सोसायटीला चहा पाजला असता.

दहाला फोन आला. आधी गुडघ्याचं झालं. मग काका म्हणाले, "एक विचारायचं होतं. ती पेंडंटं घातल्यावर उलटी होतात का गं?"

"उलटी म्हणजे?"

"पालथी. पाठ पुढे येते का?"

"छे हो बाबा. एकदम सरळ राहतात. आत्ताही घातलंय ना, ते निळं."

काकांनी डोळे मिटले. "नीट बघून सांग. राग येणार नाही मला. काही असेल तर कडी दुसरीकडे लावता येईल."

"काही बदलू नका. आहेत तशीच छान आहेत. पुढचं हिरवं करा, म्हणजे माझ्या हिरव्या ड्रेसवर होईल."

तिच्या आवाजात इतकी माया होती की काकांना रागावताही येईना. खोटं बोलत होती, आणि ते त्यांच्यासाठीच बोलत होती. खरं काय ते तिला विचारायचं म्हटलं तर एका मिनिटाचं काम होतं. पण त्यानंतर पुढच्या रविवारी दोघांनी काय बोलायचं?

"बरं," काका म्हणाले. "हिरवं करतो."

"आणि भट्टी काय म्हणते? या आठवड्यात काही फुटलं की नाही?"

या आठवड्यात काहीच फुटलं नव्हतं. काकांनी भट्टी लावलीच नव्हती. त्यांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"फुटलं ना," ते म्हणाले. "अगं, काय झालं, परवा सकाळी मी दार उघडलं..."

"मग?" मुलगी म्हणाली.

आणि काका सांगत गेले. कुठली काच होती, किती तापवली होती, तडा कुठून कुठे गेला, सगळं. ती हसत होती. फोन दहा वाजून चोवीस मिनिटांनी संपला.