विमान जाईपर्यंत

दिल्लीत जानेवारी आला की सगळे धुक्याला शिव्या देतात. आमची नात राजनंदिनी मात्र धुकं पडावं म्हणून आस लावून बसली होती. तिच्या दुसऱ्या सिनेमाचा शेवटचा प्रसंग आमच्या द्वारकेच्या घरात घ्यायचा होता. इथे डोक्यावरून विमानं उतरतात. दाट धुक्यात ती थांबतात, तेवढ्या शांततेत काम उरकायचं, असा तिचा बेत. नंतर स्टुडिओत आवाज भरायला पैसे नव्हते.

त्या सकाळी पाहते तर लख्ख ऊन.

"आजी, हे काय गं!" नंदू रडवेली झाली. बापाचं काम करणारे श्यामकांत संध्याकाळच्या गाडीने पुण्याला निघणार होते. तिकडे त्यांना मालिका मिळाली होती, परत कधी येतील नेम नव्हता. आणि नंदूने आईला शब्द दिला होता, हा सिनेमा पुरा झाला नाही तर मुकाट्याने नोकरी धरेन.

प्रसंग छोटा. मुलगी बापाला सांगते, मी परीक्षेला बसले नाही. पण मुलीचं काम करणाऱ्या अक्षयाने तोंड उघडलं की विमान आलंच. आवाजाचं काम बघणारा राघव कानावरचे हेडफोन काढायचा. "कट यार, फिर जहाज़!"

दुपारपर्यंत एक वाक्य सलग मिळालं नाही. मी सगळ्यांना जेवायला बसवलं.

"अहो, भातावर तूप..." मी यांना विचारत होते, तोच विमान आलं. माझा चमचा तसाच वर राहिला. हेही थांबले. विमान गेलं. "...वाढू का?"

"थोडंच."

नंदू आमच्याकडे बघत राहिली. "तुम्ही मध्येच गप्प का झालात?"

"विमान जात होतं ना."

"भांडतानाही असंच?"

हे हसले. "तेव्हा तर फार सोयीचं. विमान जाईपर्यंत तुझ्या आजीचा राग निम्मा होतो."

"आणि यांना तेवढ्यात सबब सुचते," मी म्हटलं.

नंदू ताटावरून उठलीच. "राघव, अब जहाज़ आने दे. रोकना मत."

"पागल है क्या?"

सगळे पुन्हा जागेवर गेले. आणि आता विमान येईना! सगळे माना वर करून छताकडे बघत बसले.

"नंदू, विमानाचं मानधन द्यायचं राहिलं का?" श्यामकांत म्हणाले. हशा पिकला, तेवढ्यात लांबून घरघर ऐकू आली.

"चूप! सब चूप!" नंदू ओरडली.

"बाबा, मी परीक्षेला..." अक्षया थांबली.

काचा थरथरल्या. श्यामकांतांच्या कपाळावर आधी आठी चढली. मग ते पोरीच्या तोंडाकडे बघत राहिले आणि आठी हळूहळू उतरली. वाक्य पुरं व्हायच्या आधीच बापाला कळलं होतं. विमान गेलं.

"...बसले नाही."

कागदावर इथे बापाचं रागाचं लांबलचक भाषण होतं. श्यामकांतांनी ते केलंच नाही.

"जेवलीस का?" एवढंच म्हणाले.

नंदूने 'कट' म्हणायला बराच वेळ लावला. मग तिने राघवकडे पाहिलं.

"साफ़ है," तो म्हणाला. "बिल्कुल साफ़."

गाडीला अजून अवकाश होता. मी भात पुन्हा गरम करायला ठेवला.