जाळीवरचं प्लास्टिक

अहो, थांबा, थांबा! पाय जरा जपून टाका. मी बोलतेय, उताराच्या तळाशी, दाराच्या अलीकडे बसलेली लोखंडी जाळी. आज मला बोलल्याशिवाय राहवतच नाहीये!

माझा जन्म कारखान्यातला. तिथं मला तापवलं, ठोकलं, रंगवलं आणि वर चकचकीत प्लास्टिक चिकटवून गोदामात टाकून दिलं. वर्षभर पडून होते. मग एक दिवस एक गवंडी आला, माझ्या फटींतून बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, "हीच द्या."

तो मला घेऊन आला ते हे घर रस्त्यापेक्षा खाली. गाडी आत घ्यायचा उतार थेट तळाच्या खोलीपाशी यायचा, आणि पावसाचं पाणीही त्याच वाटेनं. त्या खोलीत घरच्या सूनबाईंचं शिवणकाम. दोनदा पाणी शिरून कापडाचे तागे भिजले होते. "तिसऱ्यांदा पाणी आलं ना, तर मी मशीन काढून टाकणार. बस्स झालं!" असं त्यांनी सांगूनच टाकलं होतं. म्हणून तर जुना, फुटका उतार उखडून नवा करायचं ठरलं.

गवंडी मोठा फटकळ. सूनबाईंचे सासरे म्हणाले, "काँक्रीट कसं गुळगुळीत करा हं!"

"आणि तुम्ही घसरलात की शिव्या मला?" म्हणत त्यानं ओल्या काँक्रीटवर खराट्यानं आडव्या रेघा ओढल्या. दाराआधी आडवा चर केला, त्याला एका बाजूला उतार दिला, तिथून पाइप बागेतल्या शोषखड्ड्यापर्यंत नेला आणि चरावर मला काँक्रीटपेक्षा किंचित खाली बसवलं. प्लास्टिक सोलून बादलीभर पाणी ओतलं. एक थेंब दाराकडे जाऊ दिला नाही मी!

पण सासरेबुवा! त्यांचा रिमोट प्लास्टिकमध्ये, खुर्च्या प्लास्टिकमध्ये, गाडीच्या सीटासुद्धा. गवंड्याची पाठ वळताच त्यांनी ते प्लास्टिक उचललं. "नवी कोरी जाळी, ओरखडे पडायचे," म्हणत चिकटपट्टीनं चारी बाजूंनी पक्कं बसवलं. माझा जीव गुदमरला, पण सांगणार कोणाला?

चारच दिवसांनी भर दुपारी पाऊस कोसळला. लोंढा आला आणि माझ्या डोक्यावरून सरळ दाराकडे! आत सूनबाई शाळेचे चाळीस सदरे उचलत ओरडल्या, "बाबा, पाणी आलं! एवढं सगळं करून आलंच!" आवाज अगदी रडवेला.

सासरेबुवा छत्री घेऊन धावले आणि मला बघून जागीच थबकले. "अरे देवा, हा तर माझाच उद्योग!" छत्री टाकून ते गुडघ्यांवर बसले. चिकटपट्टी काही केल्या निघेना. "अगं, कात्री आण, कात्री!"

कापडाच्या कात्रीला सूनबाई कोणाला हात लावू देत नाहीत. आज तीच घेऊन आल्या. दोघांनी मिळून प्लास्टिक टराटरा फाडलं.

आणि मग काय सांगू! सगळा लोंढा माझ्या फटींतून खाली, पाइपमधून धडाधड बागेत! उंबऱ्याला टेकलेलं पाणी मागे सरलं. एकही सदरा भिजला नाही. सासरेबुवा मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माझं." सूनबाई त्यांच्या चिखलाच्या गुडघ्यांकडे बघून खुदकन हसल्या. "आधी कपडे बदला, बाबा." थोड्या वेळानं आतून मशीनचा आवाज सुरू झाला. तो अजून चालू आहे.

आता माझ्यावर टायरचे ओरखडे आहेत, एका कोपऱ्याला गंजही धरलाय. दर रविवारी सासरेबुवा मला उचलून चरातला पाला काढतात. तुम्हाला एकच विनवणी करते. तुमच्या दारातल्या जाळीला फार जपू नका हो. भिजू द्या, मळू द्या, तिचं काम तिला करू द्या!