सातवा रकाना

मानवेल तुस्कानोला मेलबर्नला येऊन बारा वर्षे झाली होती, आणि या बारा वर्षांत त्याला जी एक गोष्ट उत्तम येत होती तिची गरज कोणालाही पडली नव्हती. वसई तालुक्यातल्या एका कचेरीत त्याने नऊ वर्षे कारकुनी केली होती. कोणत्या रकान्यात काय लिहावे, काय लिहू नये आणि जिथे लिहिण्यासारखे काही नाही तिथे जागा मोकळी न सोडता ‘निरंक’ असा शेरा कसा मारावा, हे त्याच्याइतके चोख जाणणारा माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता. पुढे बायको लुर्डस परिचारिका म्हणून ऑस्ट्रेलियाला आली आणि तिच्या व्हिसावर तो आणि सात वर्षांची सिंथिया आले. लुर्डसला एका वृद्धाश्रमात तिच्या लायकीचे काम मिळाले. घर टार्निट या उपनगरात होते, आणि तिथल्याच एका गोदामात मानवेल फोर्कलिफ्ट चालवू लागला. काम वाईट नव्हते. फक्त त्यात कागद नव्हता.

म्हणून सिंथियाला विद्यापीठाची क्रीडा शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा त्याने पहिले काम केले ते म्हणजे तिची नियमावली छापून आणली. अकरा पाने होती. चर्चच्या प्रार्थनापुस्तकाला लुर्डस घाली तसे जाड वेष्टन त्याने त्या पानांना घातले, आणि महिनाभरात ती पाने त्याला जवळजवळ मुखोद्गत झाली.

सिंथिया आठशे मीटर धावत असे. शिष्यवृत्तीमुळे तिला विद्यापीठाचा ट्रॅक मिळाला होता, दुखापत बघणारी फिजिओ मिळाली होती, स्पर्धेच्या दिवशी परीक्षा आली तर ती पुढे ढकलून घेण्याचा हक्क मिळाला होता. पण खरे म्हणजे तिला ग्रँट नावाचा प्रशिक्षक मिळाला होता. ग्रँट विद्यापीठाच्या चमूबाहेरच्या कोणालाही शिकवीत नसे, आणि धावणे म्हणजे काय हे आपल्याला ग्रँटमुळेच कळले असे सिंथिया म्हणत असे. तिला धावपटूखेरीज दुसरे काही व्हायचे नव्हते. शिष्यवृत्ती गेली की ग्रँट जाणार होता, आणि ग्रँट गेल्यावर काय, याचा विचार त्या घरात कोणी मोठ्याने करीत नसे.

शिष्यवृत्ती एकदा मिळाली म्हणून कायमची नव्हती, ती दर वर्षी राखावी लागे. सत्रात किमान तीन विषय, सरासरी साठ गुण, आणि मान्यताप्राप्त स्पर्धेत ठरवून दिलेली वेळ. दुसऱ्या वर्षासाठी ती वेळ होती दोन मिनिटे नऊ सेकंद. सिंथियाची सर्वोत्तम वेळ दोन मिनिटे अकरा होती.

“दोन सेकंद म्हणजे किती, माहितीये पप्पा? बारा मीटर.”

“बारा मीटर म्हणजे आपल्या दारापासून रस्त्यापर्यंत. एवढं तर मीपण धावेन.”

“तुम्ही कचऱ्याचा बिन बाहेर न्यायला धावता ना, तेव्हा शेजारचे ॲम्ब्युलन्स बोलवायच्या बेतात असतात.”

हे बोलणे दोन हजार वीसच्या फेब्रुवारीतले. मार्चमध्ये स्पर्धा बंद झाल्या. जुलैत शहर दुसऱ्यांदा बंद झाले आणि ऑगस्टमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या आत, दिवसातून एक तास, एवढीच मोकळीक उरली. सिंथिया तो तास टार्निटच्या अर्धवट बांधलेल्या वसाहतींतून, ज्या रस्त्यांना अजून घरे नव्हती अशा रस्त्यांवरून धावत काढू लागली. मग लुर्डसच्या वृद्धाश्रमात साथ शिरली. चौदा ऑगस्टला लुर्डसची तपासणी पॉझिटिव्ह आली, एकोणीसला सिंथियाची. मानवेल कसा कोण जाणे सुटला. दोन बंद दारांपुढे ताटे ठेवायची, मागे सरायचे आणि दार उघडल्याचा आवाज ऐकायचा, एवढाच त्याचा दिवस उरला. आठवड्याने ताप उतरला आणि सिंथिया अंघोळीला खाली येऊ लागली. पण वर परत जाताना ती जिन्याच्या मध्यावर बसत असे. बसली की फोन बघत असल्याचे दाखवी. मानवेल स्वयंपाकघरातून ते पाहत असे आणि नळ सोडून देत असे, म्हणजे तिला आपला श्वास कोणी ऐकत नाही असे वाटावे.

ऑगस्ट संपायला दोन दिवस उरले असताना ती दारामागून म्हणाली, “पप्पा, स्कॉलरशिपचा फॉर्म राहिलाय, परवा शेवटची तारीख. माझं डोकं चालत नाहीये. तुम्ही भरा ना. यू लव्ह फॉर्म्स.”

“काय भरायचं असतं त्यात?”

“नेहमीचंच. मी काय केलं वर्षभर, ते. पासवर्ड पाठवते.”

मानवेल जेवणाच्या टेबलाशी बसला. त्याने टेबल पुसले, चष्मा पुसला, आणि शेजारी एक कोरा कागद घेऊन प्रत्येक उत्तर आधी त्यावर पेन्सिलीने लिहिले. विषय, गुण, सरावाचे तास, सारे अचूक. पहिल्या सहा रकान्यांना त्याला दीड तास लागला आणि तो दीड तास त्याच्या बारा वर्षांतला सर्वांत सुखाचा होता, असे म्हणायला हरकत नाही.

सातवा रकाना असा होता : महामारीचा तुमच्या सरावावर काही परिणाम झाला असल्यास त्याचे वर्णन करा.

हा रकाना मात्र त्याने पेन्सिलीने आधी लिहिला नाही. थेट पडद्यावरच इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. एकोणीस ऑगस्टला तपासणी पॉझिटिव्ह आली. अजून जिना चढताना दम लागतो. मग तो थांबला. दुसरी ओळ त्याने तीन वेळा वाचली. कचेरीतल्या नऊ वर्षांत त्याने एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली होती : अर्जात ज्याने आपली अडचण लिहिली त्याचा अर्ज त्या अडचणीपाशीच अडला. होमगार्डच्या भरतीत ज्याने लहानपणी दमा होता असे लिहिले तो घरी गेला, ज्याने लिहिले नाही तो वर्दीत गेला. आणि ही तर धावणाऱ्या मुलीची शिष्यवृत्ती होती. जिन्यात बसणाऱ्या मुलीला ती कोण ठेवू देईल? दम आज आहे, महिन्याने जाईल. कागदावरची ओळ मात्र जाणार नाही. त्याने दोन्ही ओळी पुसल्या आणि त्या जागी ‘निल’, म्हणजे निरंक, असे लिहिले. खाली ‘हा अर्ज मी स्वतः भरला आहे’ अशी एक चौकट होती. तिच्यात खूण करताना त्याला काहीच वाटले नाही. अर्ज कारकुनाने भरायचा आणि नाव अर्जदाराचे, हेच त्याने जन्मभर पाहिले होते.

“झाला?” दारामागून आवाज आला.

“झाला. एक रकाना मोकळा नाही.”

“लेजंड,” सिंथिया म्हणाली आणि खोकली.

नोव्हेंबरात मैदाने उघडली. पाच डिसेंबरला मार्चनंतरची पहिली आणि त्या वर्षातली शेवटची शर्यत झाली. सिंथिया ती दोन मिनिटे सतरा सेकंदांत धावली आणि रेषेपलीकडे जाऊन गवतावर आडवी पडली. ग्रँटने वेळ सांगितली नाही, तिनेही विचारली नाही. पाच दिवसांनी विद्यापीठाचे पत्र आले. जुलैमध्ये नियमावलीला एक बारावे पान जोडले गेले होते. ज्या खेळाडूंनी सातव्या रकान्यात परिणाम नोंदवला त्यांना वेळेची अट माफ होती. ज्यांनी नोंदवला नाही त्यांना ती पूर्ववत लागू होती. बारावे पान संकेतस्थळावर होते. मानवेलची अकरा पाने वेष्टनात होती.

सिंथियाने पत्र दोनदा वाचले. मग पोर्टलवर जाऊन अर्ज उघडला.

“निल? पप्पा, निल का लिहिलं?”

“रकाना मोकळा सोडायचा नसतो,” मानवेल म्हणाला. हे खरे होते आणि खोटेही होते.

“पण ते विचारत होते. दे वॉन्टेड टू नो. आपण आजारी होतो, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं.”

“बारा वर्षं झाली,” लुर्डस म्हणाली. ती नुकतीच शिफ्टवरून आली होती आणि मास्कच्या दोऱ्यांचे वळ अजून तिच्या गालांवर होते. “बारा वर्षं झाली तरी तुमची ती कचेरी काही सुटली नाही. तिथं निदान चहा तरी मिळत होता.”

कोणी हसले नाही. मुलीला वाटत होते की बापाला प्रश्न कळला नाही, आणि मानवेलने तिला तसेच वाटू दिले. न कळणाऱ्या बापाला क्षमा करणे सोपे असते. कळूनही पुसणाऱ्या बापाचे काय करतात, हे त्याला ठाऊक नव्हते.

अपिलाची सोय होती. सुनावणी सतरा डिसेंबरला, व्हिडिओवर. अपील करणाऱ्याने आधारासाठी एक माणूस सोबत बसवावा, मात्र त्या माणसाने बोलू नये, असा नियम होता. लुर्डसची शिफ्ट होती, म्हणून मानवेल बसला. इस्त्रीचा शर्ट घालून तो मुलीच्या डाव्या हाताला असा बसला की पडद्यावर त्याचा अर्धा चेहरा दिसावा.

पडद्यावर तिघे होते. अध्यक्षबाई साठीच्या, मृदू बोलणाऱ्या. त्यांनी सिंथियाची तब्येत विचारली आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या की तपासणीचा अहवाल समितीने पाहिला आहे, पण तो नवा पुरावा धरता येत नाही, कारण तो अर्जाच्या मुदतीआधीचा आहे. मुदतीनंतरचा असता तर धरता आला असता. म्हणजे सिंथिया तेरा दिवस उशिरा आजारी पडली असती तर तिची शिष्यवृत्ती वाचली असती. हे बाईंनी म्हटले नाही. मानवेलने मनात तारखा मोजल्या.

“आता एकच प्रश्न उरतो,” बाई म्हणाल्या. “अनवधानाने चूक झाली असेल, प्रश्न नीट वाचला गेला नसेल, तर नियम आम्हाला थोडी जागा देतो. म्हणून आम्ही अर्जाची नोंद तपासली. यंत्रणा मधले मसुदेही जपून ठेवते. सातव्या रकान्यात आधी दोन वाक्यं लिहिलेली होती.” आणि त्यांनी ती वाचून दाखवली. तपासणी पॉझिटिव्ह आली. अजून जिना चढताना दम लागतो. “अकरा मिनिटांनी ती काढून तिथे ‘निल’ लिहिलं गेलं. ती का काढलीस, सिंथिया?”

सिंथियाने बापाकडे मान वळवली नाही, पण टेबलाखाली तिचा गुडघा हलत होता तो थांबला. मानवेलला कळले की तिला कळले आहे.

त्याने तोंड उघडले. “मॅडम,” तो म्हणाला.

“सर, नाही,” अध्यक्षबाई तितक्याच मृदूपणे म्हणाल्या. “मला वाटतं आपण काय सांगणार आहात ते मी ऐकू नये. तो अर्ज दुसऱ्या कोणी भरला असं मला इथे ऐकावं लागलं, तर खोट्या घोषणेचं प्रकरण म्हणून ते मला पुढे पाठवावं लागेल. मग प्रश्न शिष्यवृत्तीचा राहणार नाही, पदवीचा होईल. आपण काही म्हणालात का?”

मानवेलचा हात टेबलावर होता. सिंथियाने त्यावर आपला हात ठेवला. प्रेमाने नव्हे, उडू पाहणारा कागद दाबून धरावा तसा.

“ते काही म्हणाले नाहीत,” ती म्हणाली. “वाक्यं मीच काढली. मला ती महत्त्वाची वाटली नाहीत.”

“प्रश्न नीट समजून काढलीस?”

“हो.”

बाईंनी चष्मा काढला. “मला वाईट वाटतं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटत असल्याचे दिसत होते. त्याचा उपयोग मात्र कोणालाच नव्हता.

पडदा काळा झाला.

“म्हणजे तुम्ही लिहिलं होतं,” सिंथिया म्हणाली.

“हो.”

“आणि जिन्यातलं तुम्ही बघत होतात.”

“दिसायचं.”

“मग पुसलं कशाला?”

“दम लागणारी मुलगी ते ठेवणार नाहीत, असं वाटलं मला.” त्याने शर्टाचे वरचे बटण सोडले. “सांगणार होतो तुला. पत्र आलं त्याच दिवशी.”

“पण सांगितलं नाही.”

“नाही.”

तिने लॅपटॉप मिटला आणि त्याची वायर नीट गुंडाळून ठेवली. रागावलेली दिसत नव्हती. ती रागावली असती तर बरे झाले असते, असे मानवेलला वाटले.

“एक सांगू?” ती म्हणाली. “अजून लागतो. दम. ग्रँटला पण माहीत नाही. म्हणजे तुम्ही ते तसंच ठेवलं असतंत ना, तर मला अजून एक वर्ष मिळालं असतं. बरं व्हायला. तेवढंच हवं होतं.”

निकाल दोन दिवसांनी चार ओळींत आला. अपील फेटाळले होते. ट्रॅकचे प्रवेशपत्र एकतीस डिसेंबरपर्यंत परत करायचे होते. पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करता येईल, फक्त गेल्या बारा महिन्यांतली दोन मिनिटे अकरा किंवा त्याहून चांगली वेळ हवी, असेही त्यात नम्रपणे कळवले होते. सिंथियाची दोन मिनिटे अकरा ही वेळ फेब्रुवारीतली होती, ती तोवर बारा महिन्यांच्या बाहेर गेलेली असणार होती.

तिने पत्र फ्रीजच्या दारावर, आईला दिसेल असे लावले. मग पाणी घेऊन जिन्याकडे निघाली. पहिल्या पायरीवर थांबून म्हणाली, “पप्पा, उद्यापासून मला सरावाला पाचला उठवू नका.”

“बरं,” मानवेल म्हणाला. आणि क्षणभराने, काहीतरी बोलायला हवे म्हणून, त्याने विचारले, “मग किती वाजता उठवू?”

सिंथियाने थोडा वेळ विचार केला, पण तिला कोणतीही वेळ सुचली नाही.